अडीच आटे

बोल्ट अडीच आटे आत गेला आणि थांबला. उदेलाल मास्तर गाडीखाली पोत्यावर उताणे पडले होते. घामाने चष्मा नाकावरून कपाळाकडे घसरत होता आणि डोळ्यांपासून वीतभर वर इंजिनाखालचं तेलाचं भांडं होतं. केवळराम त्याला चेंबर म्हणायचा, म्हणून आता तेही चेंबरच म्हणत. त्यांनी बोल्ट उलटा फिरवून काढला, फडक्याने पुसला, फुंकर मारली, पुन्हा लावला. पुन्हा अडीच आटे. पाना लावून जरा जोर दिला तेव्हा लोखंडाच्या आत बारीक कुरकुर झाली, भातात दाताखाली खडा यावा तशी, आणि त्यांनी हात काढून घेतला. दुसरा बोल्ट सरळ शेवटपर्यंत गेला. तिसरा अडीच आट्यांवर अडला, चौथाही. बारांपैकी पाच बसले आणि सात बसले नाहीत. सातही दिसायला त्या पाचांसारखेच, तीच लांबी, तीच जाडी, एकाच पान्यात सगळ्यांची डोकी बसत. मास्तर दोन बोल्ट दोन मुठींत धरून तसेच पडून राहिले. बाहेर तांदळाच्या मिलचा भोंगा झाला, उकड्या धानाचा ओलसर वास गल्लीतून आत आला. आणि मग तो विचार आला. आला म्हणण्यापेक्षा, खोलीत कुणी आधीपासूनच बसलेलं असावं आणि आता ते खाकरावं तसा तो कळला. हे आपले बोल्ट नाहीत. कुणीतरी बदलले.

कुणीतरी म्हणजे कोण, हे वेगळं विचारायची गरज नव्हती. गाडीला हात लावणारी माणसं दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरा केवळराम, मुर्रीचा, मिलमधला फिटर, जो दोन वर्षं दर रविवारी दहाच्या सुमाराला खांद्यावर खाकी थैली टाकून यायचा आणि संध्याकाळी उन्हं कलली की जायचा. मास्तरांच्या घरी कामाशिवाय येणारं दुसरं माणूस नव्हतं. शाळेतले सहकारी त्यांना दारावरून नमस्कार करून पुढे जात. चौपन्नाव्या वर्षापर्यंत पुस्तकांच्या कपाटाआड राहिलेल्या या माणसाला मित्र म्हणावा असा कुणी असेल तर तो हा तेलकट बोटांचा, फारसं न बोलणारा केवळराम. हे त्यांना माहीत होतं; आणि माहीत असूनही, गाडीखाली पडल्या पडल्या, ते त्याच्या थैलीचा विचार करू लागले. ती येताना किती फुगलेली असते आणि जाताना किती.

गाडी मूळची एका इंग्रज अफसराची. लढाईत बिरसीला विमानांची धावपट्टी झाली तेव्हा तो तिथे होता. जाताना ती मास्तरांच्या थोरल्या भावाला, मोहनलालला, देऊन गेला. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची एम.जी., तारांची चाकं, समोरची काच पुढे आडवी पडणारी. मोहनलालभाऊ दवनीवाड्यातून ती उडवत गोंदियाला येत, तेव्हा बाजारातली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढून उभी राहत. धाकट्याला ते डाव्या बाजूला बसवत. चालवायला कधी दिली नाही. एकदा मास्तरांनी नुसता स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला तर हसून म्हणाले होते की तुझ्या हातात पुस्तक शोभतं, हे तुझ्यानं व्हायचं नाही. पुढे गाडी बिघडली, धानाच्या कोठाराशेजारी उभी राहिली, लाकडी सांगाड्याला वाळवी लागली, गादीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. भाऊ वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी मास्तरांनी ती मागून घेतली आणि दोन बैल जुंपून गोंदियाला आणली. रस्त्याने माणसं हसत होती. मास्तर बैलांच्या मागे, गाडीच्या त्याच चाकाला हात लावून, मान खाली घालून चालत होते. त्या दिवशी वाटेत मुर्रीजवळ एक माणूस सायकलवरून उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मेली नाई जी हे. झोपली आहे." तो केवळराम.

दोन वर्षांत त्यांनी सांगाडा नवा केला, सागवानाचा; तारा एकेक करून ताणल्या; आणि गेल्या पावसाळ्यात, मिल बंद असताना, इंजिन उघडलं. केवळरामची एक तऱ्हा होती. तळ्याची चिकण माती आणून तो पाटावर भाकरीएवढी जाड थापायचा आणि जो भाग उघडला त्याच आकारात, त्याच जागी, त्याचे बोल्ट त्या मातीत खोचायचा. चेंबरचा एक पाट, पुढच्या झाकणाचा एक, मडगार्डचा एक, पायाखालच्या फळ्यांचा एक. माती वाळली की बोल्ट तिच्यात घट्ट उभे राहत, लहान मुलांनी पोळ्याला केलेल्या खेळासारखे. मास्तरांना ते बघवत नसे. विलायती यंत्राच्या आट्यांत माती! दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी दोन दिवस बसून ते सगळे पाट फोडले, बोल्ट मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, धुतले, टूथब्रशने घासले, जे ज्या पान्यात बसले ते त्या डब्यात घातले, आणि डब्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. केवळरामने पुढच्या रविवारी डबे पाहिले होते. काही बोलला नव्हता. नुसतं एक झाकण उघडून आत बघत राहिला होता, आणि त्याचं ते बघत राहणं आता मास्तरांना आठवलं, आणि नव्या अर्थाने आठवलं. त्या दिवशी तो काय बघत होता? काय काय आहे ते?

एकदा हे सुरू झालं की मग मन स्वतःच पुरावे शोधून आणतं. मागच्या महिन्यात बाजारात एका बिडीवाल्या शेठचा दिवाणजी मास्तरांना म्हणाला होता, "मास्टरजी, आपका मिस्त्री तो हमारे यहाँ भी आता है, सेठजी की गाडी पे." मास्तरांनी तेव्हा हसून मान डोलावली होती. केवळरामने आपल्याला हे कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? विलायती सामान येणं सरकारने बंद केलेलं. शेठची गाडीही विलायतीच. अस्सल बोल्ट तिकडे, मिलमधले गावठी इकडे, त्यावर जरा काळं तेल फासलं की कुणाला कळणार? या मास्तरला? याला तर पानाही उलटा धरायची सवय. मास्तरांना आपल्याच विचारांची लाज वाटली, पण ती लाज विचारांना थांबवत नव्हती, फक्त त्यांच्या शेजारी बसून होती. आणि तिच्याही पलीकडे एक जुनं खळं दिसत होतं. दवनीवाड्याला मळणीनंतर धानाची रास लागली की वडील तिन्हीसांजेला राशीभर राखेचे छापे मारत, लाकडी ठोकळ्याने, हातभर अंतरावर. सकाळी आधी छापे बघायचे, मग चूळ भरायची. छापा मोडलेला असला की रात्री कुणी हात घातला. नागपूरच्या कॉलेजातून सुटीला आलेल्या वर्षी ते काम उदेलालकडे होतं, आणि एका सकाळी त्यांना पूर्वेच्या अंगाला एक छापा फुटलेला दिसला. त्यांनी सांगितलं. वडील कुणावर ओरडले नाहीत. पुढच्या हंगामाला फक्त दुधरामला बोलावणं गेलं नाही, जो खळ्यावर झोपायचा. पण आदल्या संध्याकाळी, उजेड जाईपर्यंत, राशीला टेकून पुस्तक वाचत कोण बसलं होतं? पूर्वेच्या अंगाला बसलं होतं की पश्चिमेच्या? हे मास्तरांना तेव्हाही ठरवता आलं नव्हतं, आणि तीस-पस्तीस वर्षं अधूनमधून ठरवायचा प्रयत्न करूनही आलं नव्हतं.

दहाला केवळराम आला. थैली ओट्यावर ठेवली, सदरा काढून खुंटीला टांगला, आणि मास्तर गाडीखालून बाहेर येताना त्यांच्या तोंडाकडे पाहून विचारलं की बरं नाही का. मास्तरांनी सातांतला एक बोल्ट पुढे केला. शब्द त्यांनी जुळवून ठेवले होते. सौम्य, कुणावर आरोप न करणारे. त्यातला एकही बाहेर आला नाही. एवढंच म्हणाले की हे बसत नाहीत. केवळराम खाली गेला. बोल्ट फिरल्याचा आवाज आला, मग थांबला. त्याने दुसरा मागितला, तिसरा मागितला. मास्तर उभ्या उभ्या त्याचे बाहेर आलेले पाय बघत होते. पाय अगदी स्वस्थ होते. चोराचे पाय असे स्वस्थ असतात का, की मुरलेल्या चोराचेच असतात? "जोर नोका लावू जी," खालून आवाज आला, "भोकाचे आटे जातीन." मग तो बाहेर आला, हात पुसले, डब्यांच्या फळीकडे एकदा पाहिलं, काही सांगायला तोंड उघडल्यासारखं केलं, आणि आधी पाणी पिऊन येतो म्हणून मागच्या अंगणात गेला. तिथे रुक्मा, मास्तरांची बायको, वड्या घालत होती. तिचा आवाज आला, केवळरामचा आला, ती हसली. केवळरामच्या बायकोला, देवकाबाईला, वाळवणाच्या वड्या पाठवायच्या होत्या असं काहीतरी चाललं होतं. बोलणं लांबणार होतं.

थैलीचा बंद सैल होता. मास्तर ओट्यापाशी कधी गेले ते त्यांना कळलं नाही. फक्त वरून बघायचं होतं. मग हात आत गेला. हातोडी, दोन पाने, ग्रीसची डबी, फडकं, आणि फडक्याच्या खाली काहीतरी छोटं, टणक, गोल. छातीत धडधडलं, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत आनंदही होता, सापडलं याचा. त्यांनी ते वर काढलं. सुपारी होती. अर्धी कातरलेली. त्यांनी ती मुठीत धरली आणि मान वर केली तेव्हा केवळराम दारात उभा होता, पाण्याचा तांब्या हातात घेऊन. मास्तरांसाठी भरून आणला होता.

तो पुढे आला नाही. तांब्या त्याने उंबऱ्यावर ठेवला, सांडणार नाही अशा बेताने. "काई भेटलं का, मास्तर?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. मास्तर म्हणाले की ते पाना बघत होते, पाव इंची. पाव इंची पाना त्यांच्या दुसऱ्या हातातच होता. केवळरामने तो पाना पाहिला, सदरा अंगात घातला, थैली उचलली, मास्तरांच्या मुठीकडे हात केला. मास्तरांनी सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली. मग तो सायकलवर बसून गेला, आणि रुक्मा हातावर वड्यांचं फडकं घेऊन बाहेर आली तर कुणीच नव्हतं.

पुढचा रविवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. रुक्माने दोनदा विचारलं की केवळराम काऊन येत नाही, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी मिलचा हंगाम आहे असं सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. नुसतं पाहिलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मास्तरांनी केवळरामला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात माफी होती पण तिला कारण नव्हतं. दुसऱ्यात कारण होतं आणि वाचताना तो पुन्हा आरोपच वाटत होता. तिसरा इतका सुंदर उतरला की त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आणि या सगळ्याच्या खाली, तळाशी, तो टणक प्रश्न तसाच होता. सात बोल्ट गेले कुठे? त्याने नेले नाहीत असं कुठे सिद्ध झालंय? थैलीत त्या दिवशी नव्हते, एवढंच. रस्त्याने जाताना ते आता बिडीवाल्या शेठच्या फाटकाशी रेंगाळत, आत उभ्या गाडीकडे बघत, आणि कुणी पाहिलं की चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करून पुढे जात.

शाळेत तेव्हा नव्या मापांचं चाललं होतं. नवे पैसे आले होते, आता शेर-मण जाऊन किलो येणार, गज जाऊन मीटर येणार, म्हणून एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेल्या पट्ट्या आल्या होत्या आणि मास्तर सातवीला त्या शिकवत होते. एका दुपारी वर्ग सुटल्यावर ते एकटेच बसले होते. खिशात दोन बोल्ट होते, एक बसणारा, एक न बसणारा. महिनाभर ते तसेच खिशात असत. मिलमधल्या गावठी बोल्टाची काही खूण सापडेल, एवढ्याच हेतूने त्यांनी शिक्क्याच्या शाईच्या गादीवर एक फिरवला आणि कागदावर दाबला. बारीक तिरप्या रेघांची एक शिडी उमटली. शेजारी दुसऱ्याची उमटवली. मग पट्टी लावली. बसणाऱ्या बोल्टाच्या एका सेंटिमीटरमध्ये बरोबर दहा रेघा. न बसणाऱ्याच्या नऊसुद्धा भरेनात. त्यांनी पट्टी उलटी करून इंचाची बाजू लावली, आणि न बसणाऱ्याच्या अर्ध्या इंचात बरोबर अकरा रेघा आल्या, जराही इकडे तिकडे नाही. बसणारा आता इंचात नीट बसेना. म्हणजे इंजिन सेंटिमीटरचं होतं आणि बाकी गाडी इंचाची. आणि बनवणाऱ्याने डोकी मात्र सगळ्यांची एका पान्यात बसतील अशी ठेवली होती. दोन्ही अस्सल. दोन्ही त्याच गाडीचे. न बसणारे सात मडगार्डचे होते, किंवा पायाखालच्या फळ्यांचे, आणि चेंबरचे सात त्याच डब्यात, त्याच सुबक चिठ्ठीखाली, बाकीच्यांत मिसळून पडले होते. मातीच्या पाटांवर ते वेगळे होते. पाट त्यांनी फोडले होते. दोन दिवस बसून, टूथब्रशने.

त्याच संध्याकाळी, अजून ऊन असताना, ते मुर्रीला चालत गेले. केवळराम अंगणात खाटेची दोरी ताणत होता. देवकाबाईने मास्तरांना पाहून पदर सावरला, पाट टाकला आणि चहाचं बघायला आत गेली. मास्तर वाटभर एकच वाक्य घोकत आले होते. माझं चुकलं. दोन अक्षरी आणि तीन अक्षरी... त्यांनी खिशातून कागद काढला आणि बोलायला लागले. आट्यांबद्दल, दहा रेघांबद्दल, अकरांबद्दल, इंजिन एका मापाचं आणि गाडी दुसऱ्या मापाची कशी. वर्गात बोलावं तसं, कागदावर बोट फिरवत, भराभर, न थांबता, कारण थांबलं की ते दुसरं वाक्य बोलावं लागणार होतं. केवळराम दोरी ओढता ओढता ऐकत होता. एक पीळ पूर्ण झाल्यावर त्याने कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, चांगला आहे अशी मान हलवली.

"मले मालूम होतं जी," तो म्हणाला. "दोन रकमाचे आटे आहेत. म्हणून तं मातीत ठेवलो होतो."

मास्तरांनी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. डबे पाहिलेस त्या दिवशी का नाही सांगितलं.

"तुमी एवढे घासून पुसून ठेवले होते. इतलं चांगलं अक्षर. कायले तोंडावर बोलावं?" तो दोरीची गाठ मारत होता. "अन् त्या दिवशी सांगनारच होतो, पानी पिऊन. पन तुमी मले नाई इचारलं, मास्तर. थैलीले इचारलं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. मास्तरांचे ओठ हलले. ते वाक्य तिथपर्यंत आलंही असेल. केवळरामने त्याची वाट पाहिली, थोडीशी, मग बिडीवाल्या शेठच्या गाडीबद्दल स्वतःहून सांगितलं. ते न विचारता, इतक्या सहज, की मास्तरांना आपण ही शंका कधी बोलून दाखवली होती का असं वाटलं. तिथे तो फक्त चाकात हवा भरायला जायचा. सांगण्याजोगं काही नव्हतं. देवकाबाई चहा घेऊन आली, वड्या चांगल्या वाळल्या का म्हणून विचारलं. रविवारी येतो, केवळराम म्हणाला.

आला. डबा जमिनीवर उपडा करून दोघांनी एकेक बोल्ट वेगळा केला. मास्तर शाईने रेघा मोजणार होते, पण केवळराम नुसत्या अंगठ्याच्या नखाने आट्यांवरून खरवडून सांगायचा, हा इंजिनचा, हा गाडीचा, आणि एकदाही चुकला नाही. चेंबर बसलं. तिसऱ्या रविवारी इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. गल्लीतली माणसं जमली, रुक्माने कुंकवाचं बोट लावलं. केवळराम डाव्या बाजूला बसला आणि मास्तरांनी, चाक घट्ट धरून, गाडी बिरसीच्या रस्त्याने नेली. धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून वारा सरळ अंगावर येत होता. भावाचं ते वाक्य आता काहीच वाटायला नको होतं, आणि खरंच काही वाटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष शेजारी बसलेल्या माणसाकडे होतं. तो हसत होता, क्लच सोडा जी म्हणत होता, अगदी पूर्वीसारखा. पण पूर्वीसारखा म्हणजे नेमका कसा, हे मास्तरांना आठवेना.

परत आल्यावर केवळरामने हात धुतले, सदरा घातला. मग थैली उचलली आणि ओट्यावर, मास्तरांच्या समोर, उलटी केली. मागचे दोन्ही रविवार तो जाताना हेच करत आला होता. रागाने नाही, आदळआपट न करता, दिवसाच्या कामातलं शेवटचं काम असावं तसं. हातोडी, पाने, ग्रीसची डबी, फडकं, बिड्यांचं बंडल. मास्तर दर वेळी भिंतीकडे तोंड फिरवत.

"राहू दे ना, केवळराम," ते म्हणाले. "कशाला?"

"असू द्या जी. बरं असते." तो म्हणाला.

मास्तर भिंतीकडेच बघत होते. भिंतीवर पाल नव्हती, डाग नव्हता, बघण्यासारखं काहीच नव्हतं; आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, फडक्याच्या घडीतून घरंगळून, एक बोल्ट ओट्यावर आला. तेवढाच लांब. तेवढाच जाड. तो मिलचा असेल, शंभर जागचा असेल, हे त्यांना ठाऊक होतं. केवळरामने तो उचलला, तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. "पाहून घ्या," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी थकलेलं होतं. नको, छे, काय हे, असं म्हणायला मास्तर वळले. ते म्हणालेही. पण म्हणता म्हणता त्यांना दिसलं की आपला हात पुढे आलेला आहे, आणि अंगठ्याचं नख बोल्टाच्या आट्यांवरून सावकाश फिरतं आहे.